इशारा कोणता, चूक कोणती?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वसमत येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'संगणक क्षेत्रातील संधी' या विषयावर बोलावे असे मला सुचवण्यात आले होते. संधींची यादी हल्ली प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर मिळते. ती वाचून दाखवण्यासाठी मला पुण्याहून येथवर बोलावण्याचे कारण नाही. म्हणून पदाधिकाऱ्यांची माफी मागून मी विषय बदलला आहे. मी एका अगदी लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. प्रोग्रॅम तपासणारे एक साधन असते. त्या साधनात प्रत्येक नियमापुढे एक शब्द लिहावा लागतो. शब्द तीनच आहेत, त्यांतला एक निवडायचा. कोणता निवडावा, एवढाच आजचा विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तो शब्द मी एकदा चुकीचा निवडला आणि त्यापायी एका गरीब माणसाला आपली जनावरे विकावी लागली. ती हकीकत मी पुढे सांगणारच आहे. आधी तुम्हांला, विशेषतः ज्या पालकांनी संगणकाला कधी हात लावलेला नाही त्यांना, हे साधन काय ते समजावून सांगते.

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचना. त्या सूचनांना व्याकरण असते. व्याकरण साफ चुकले तर यंत्र सूचना घेतच नाही, त्यामुळे ती चूक फारशी धोक्याची नसते. धोका असतो तो व्याकरणात बसणाऱ्या, पण अर्थ भलताच होणाऱ्या चुकीचा. मराठीचेच पाहा ना. 'दिन' असा ऱ्हस्व लिहिला तर दिवस, 'दीन' असा दीर्घ लिहिला तर गरीब, आणि आपल्या घरांत तोच 'दीन' म्हणजे धर्म. तिन्ही शब्द शुद्ध. मुलाने 'दिन' लिहायचे तिथे 'दीन' लिहिले, तर शब्दकोश त्याला हरकत घेणार नाही. हरकत घेतील त्या बाई, ज्या सगळे वाक्य वाचतात आणि विचारतात, "अरे, तुला इथे नक्की हेच म्हणायचे होते का?" जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत एक बरोबरचे चिन्ह काढले तर अर्थ होतो 'ही किंमत इथे ठेव', तीन चिन्हे काढली तर अर्थ होतो 'या दोन किंमती सारख्या आहेत का ते पाहा'. 'जर' या शब्दापुढे तीनऐवजी एकच चिन्ह पडले, तरी यंत्र मुकाट्याने ती सूचना पाळते. तुलना होत नाही, उलट मूळची किंमतच पुसली जाते.

अशा ठिकाणी थांबून "तुला नक्की हेच म्हणायचे होते का?" असे विचारणाऱ्या साधनाला लिंटर म्हणतात. अशा प्रकारचे पहिले नावाजलेले साधन अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली तयार केले आणि त्याचे नाव ठेवले लिंट. कपडे धुऊन वाळले की त्यांवर जी बारीक तूस चिकटलेली दिसते ती लिंट. ती झटकून काढायची. (आपल्याकडे कापसाच्या मुलखात जिनिंगवाले सरकी काढलेल्या रुईलाच लिंट म्हणतात. तिथे लिंट म्हणजे माल, इथे लिंट म्हणजे कचरा. शब्द कुठे कसा फिरेल सांगता येत नाही.) जॉन्सन यांनी एक शहाणपणाचे काम केले. संशय घेण्याचे काम त्यांनी भाषांतर करणाऱ्या यंत्रणेकडून काढून वेगळ्या साधनाकडे दिले. भाषांतर करणाऱ्याने वेगाने भाषांतर करावे. शंका काढणाऱ्याने निवांत बसून शंका काढाव्यात.

आज जावास्क्रिप्टसाठी सर्वांत जास्त वापरात असलेल्या साधनांपैकी एक म्हणजे ईएसलिंट. निकोलस झकास यांनी ते २०१३ साली सुरू केले. हे साधन प्रोग्रॅम चालवत नाही, नुसता वाचते. वाचून त्याचा एक वृक्ष मांडते: हे वाक्य, त्याच्या पोटात ही अट, अटीच्या पोटात ही तुलना. मग एकेक नियम त्या वृक्षाच्या फांद्यांवरून फिरतो व खटकले तिथे बोट ठेवतो. प्रत्येक नियमापुढे आपण लिहायचे तीन शब्द असे: 'ऑफ', 'वॉर्न' आणि 'एरर'. त्यांऐवजी शून्य, एक व दोन हे आकडे लिहिले तरी चालतात. 'ऑफ' म्हणजे हा नियम आम्हांला नको. 'वॉर्न' म्हणजे खटकले तर सांग, पण काम अडवू नकोस. 'एरर' म्हणजे खटकले तर काम थांबव.

थांबव म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. सगळी मेख तिथेच आहे. तपासणी संपली की ईएसलिंट एक आकडा मागे ठेवते. एकही एरर नसेल तर शून्य, एक जरी असेल तर एक. नवा प्रोग्रॅम मुख्य साठ्यात घ्यायचा की नाही हे ठरवणारी जी स्वयंचलित चौकी असते, ती फक्त हा आकडा बघते. शून्य आला की फाटक उघडते. वॉर्निंग एक असो की एक हजार, त्यांनी या आकड्यात काहीही फरक पडत नाही. पडद्यावर पिवळ्या ओळी येऊन जातात आणि फाटक उघडेच राहते.

ही तीन पायऱ्यांची कल्पना कोणाला परकी वाटू नये. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मक्तबात मौलवीसाहेबांपुढे बसून कुरआन शरीफचे वाचन शिकले आहे. तजवीदच्या शास्त्रात वाचनातल्या चुकांचे दोन प्रकार केलेले आहेत. अक्षर बदलले, जेर-जबर बदलले, ती उघड चूक, म्हणजे लहने-जली. गुन्ना पुरता झाला नाही, उच्चाराची नजाकत राहिली, ती बारीक चूक, म्हणजे लहने-खफी. पहिल्या चुकीला मौलवीसाहेब तिथल्या तिथे थांबवीत आणि पुन्हा वाचायला लावीत. दुसऱ्या चुकीला बहुधा ओळ संपू देत आणि मग सांगत. सात वर्षांच्या पोराला त्यांनी प्रत्येक बारीक चुकीसाठी अडवले असते तर ते पोर दुसऱ्या दिवशी मक्तबात आलेच नसते. आणि उघड चूक त्यांनी हसून सोडून दिली असती तर मोठेपणी आम्ही अर्थाचा अनर्थ करीत बसलो असतो. कोणत्या चुकीला थांबवायचे हे ठरवणे हाच त्यांच्या शिकवण्याचा गाभा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

नमाजचा मसला तर सर्वांनाच ठाऊक आहे. मी आलिम नाही. हनफी घरात लहानपणी जे शिकले तेवढेच सांगते, बारकावे आलिमांनाच विचारावेत. फर्ज सुटला तर नमाज झाली नाही, पुन्हा पढावी लागते. वाजिब विसरून सुटला तर शेवटी सजदा-ए-सहव करून ती उणीव भरून निघते. सुन्नत सुटली तर नमाज होते, सवाब कमी होतो. यातला 'विसरून' हा शब्द ध्यानात ठेवा. सजदा-ए-सहव ही सोय विसरणाऱ्यासाठी आहे. जाणूनबुजून वाजिब सोडणाऱ्यासाठी नाही.

आता माझी हकीकत.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या शुल्काचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम सांभाळण्याचे काम आमच्या छोट्या गटाकडे होते. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. प्रोग्रॅम जुना होता, अनेकांचे हात लागलेला. आम्ही त्यावर ईएसलिंट बसवले आणि पहिल्याच तपासणीत शेकडो हरकती निघाल्या. त्यांत एक नियम होता, त्याचे नाव 'नो-फॉलथ्रू'.

हा नियम असा. प्रोग्रॅममध्ये निरनिराळ्या प्रकारांसाठी निरनिराळ्या सूचना लिहिता येतात: प्रकार पहिला असेल तर हे कर, दुसरा असेल तर ते कर. प्रत्येक प्रकाराच्या शेवटी 'ब्रेक' हा शब्द लिहावा लागतो. तो राहिला तर यंत्र तिथे थांबत नाही. घसरून खालच्या प्रकारात शिरते आणि त्याच्याही सूचना पाळते. कधी कधी असे घसरणे मुद्दाम हवे असते, बहुतेक वेळा ते विसरण्यामुळे होते. नियम विचारतो: इथे ब्रेक नाही, हे मुद्दाम आहे ना?

आमच्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अशी बावीस ठिकाणे निघाली. सुरुवातीची दोन-तीन मी पाहिली; ती मुद्दाम केलेली दिसत होती. मग पुढची पाहिलीच नाहीत. काम द्यायची तारीख जवळ आली होती आणि फाटक बंद होते. मी त्या नियमापुढचा 'एरर' खोडला व 'वॉर्न' लिहिले. फाटक उघडले. त्या संध्याकाळी आम्ही सर्वांनी मिळून चहा घेतला, हेही मला आठवते.

तीन महिन्यांनी शुल्कसवलतीचा एक नवा प्रकार घालायचे काम आले. अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी ती सवलत होती. मीच तो लिहिला. वरच्या चार ओळी खाली उतरवल्या, आकडे बदलले, आणि ब्रेक मात्र राहून गेला. त्याच्या खालचाच प्रकार सर्वसाधारण शुल्काचा होता. म्हणजे यंत्र आधी सवलतीचा आकडा बरोबर ठेवी आणि लगेच घसरून खाली येऊन त्याच जागी पूर्ण शुल्काचा आकडा लिही.

ईएसलिंटने हे सांगितले नाही काय? सांगितले. तपासणीच्या जुन्या नोंदी मी नंतर काढून पाहिल्या, तेव्हा फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, नियमाचे नाव, सगळे तिथे होते. तीनशेहून अधिक पिवळ्या ओळींमध्ये ती एक होती. त्या ओळी रोज येत, आणि रोज येतात म्हणूनच कोणी त्या वाचत नसे.

जून महिन्यात प्रवेश सुरू झाले. पुष्कळ मुलांनी खिडकीवर विचारले, "साहेब, सवलत लागली नाही का?" त्यांना उत्तर मिळाले, "संगणकात असेच आहे." पालकहो, हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. पंधरा-वीस दिवसांनी तक्रारींचा गठ्ठा आमच्याकडे आला, त्यात एका मुलीचा अर्ज होता. तिने लिहिले होते की, शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरण्यासाठी तिच्या वडिलांनी घरच्या दोन शेळ्या विकल्या. सवलत लागू असेल तर कृपया पैसे परत मिळावेत. पैसे परत मिळाले. शेळ्या परत मिळाल्या नाहीत. त्यांतली एक गाभण होती, हेही तिने लिहिले होते. शुल्काच्या हिशेबाशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी तिने ते लिहिले होते.

ब्रेक विसरणे हा सहव होता. तो कोणाच्याही हातून होतो, माझ्या हातून पुन्हा होईल. पण एरर खोडून वॉर्न लिहिणे हा सहव नव्हता. ते मी जागेपणी केले होते.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. ज्या ठिकाणी घसरणे मुद्दाम असते तिथे 'खाली घसरते' अशा अर्थाचा ठराविक इंग्रजी शेरा त्या जागी लिहिला की ईएसलिंट त्या ठिकाणाला हरकत घेत नाही. नियम एररच राहतो, आणि तेवढ्या जागेला लेखी सूट मिळते. बावीस ठिकाणी बावीस शेरे. दुपारभराचे काम होते.

ही लेखी सुटीची पद्धत मी पुढे पुण्याच्या मोटार उद्योगात काम करणाऱ्यांकडून नीट समजून घेतली. पिंपरी-चिंचवड, चाकण या भागांत आपल्या मराठवाड्यातली पुष्कळ मुले कामाला आहेत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आजच्या मोटारीत ब्रेक, एअरबॅग, इंजिन या सगळ्यांवर प्रोग्रॅमची हुकमत असते. त्या प्रोग्रॅमसाठी मिस्रा नावाची नियमावली जगभर वापरली जाते. ती मूळची इंग्लंडची. १९९८ साली पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्यात १२७ नियम होते. नियमांच्या पायऱ्या तेव्हा दोन होत्या, आवश्यक आणि सल्ल्याचे. २०१२ च्या आवृत्तीत तिसरी पायरी आली, ती अनिवार्य नियमांची. सल्ल्याचा नियम मोडताना औपचारिक कागद लागत नाही. आवश्यक नियम मोडता येतो, पण कुठे मोडला, का मोडला, त्याने धोका कसा होत नाही हे लिहून, त्यास मंजुरी घेऊन. अनिवार्य नियम मात्र कोणत्याही कागदाने मोडता येत नाही. मला यात आवडले ते हे की, सूट देण्याची मनाई नाही, पण ती एकेका जागेला द्यायची आणि कारण लिहून द्यायची. मी दिली होती ती सरसकट सूट होती, आणि कारण कुठेच लिहिले नव्हते.

पायऱ्या किती असाव्यात यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडच्या कुरआन शरीफच्या प्रतींत थांबण्याच्या ज्या खुणा असतात, मीम, तोय, जीम वगैरे, त्यांची पद्धत इसवीच्या बाराव्या शतकातल्या इमाम सजावंदी यांच्या नावाने ओळखली जाते. इथे थांबलेच पाहिजे, इथे थांबावे, इथे थांबले तरी चालेल, इथे थांबू नये, अशा तिच्यात कितीतरी पायऱ्या आहेत. वाचणारा माणूस आहे, त्याला एवढ्या पायऱ्या पेलतात. यंत्राच्या फाटकाला दोनच गोष्टी कळतात, उघड आणि बंद. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न पायऱ्या किती हा नाही, मधल्या पायरीवर काय ठेवायचे हा आहे.

तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी आता मनात म्हणत असेल की, मग भानगड कशाला, सगळेच नियम एरर करून टाकावेत! मीही त्या प्रकरणानंतर आठवडाभर तसे केले होते. त्याने काय होते त्याचे एक मोठे उदाहरण सांगते. डेबियन नावाची संगणकप्रणाली आहे, जगातले असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. २००६ साली तिच्या गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या भागाबद्दल एका तपासणीच्या साधनाने हरकत घेतली की, इथे किंमत न भरलेली स्मृती वापरली जात आहे. सांभाळणाऱ्याने हरकत दूर करण्यासाठी दोन ओळी निकामी केल्या. हरकत गेली. पण त्या ओळींपैकी एकीमुळेच किल्ल्यांत अनिश्चितता येत होती. ती गेल्यावर एका जातीच्या किल्लीला उरल्या फक्त सुमारे ३२ हजार शक्यता, म्हणजे संगणकाला त्या सगळ्या लावून पाहणे हा पोरखेळ झाला. लुचियानो बेल्लो यांना हे लक्षात आले आणि मे २००८ मध्ये ते जाहीर झाले. दीड वर्षाहून अधिक काळ जगभर कच्च्या किल्ल्या बनत होत्या. साधन खोटे बोलले नव्हते. पण साधनाचे तोंड बंद करणे यालाच तिथे दुरुस्ती समजले गेले. जिथे साधनाला स्वतःलाच खात्री नसते, तिथे त्याला फाटक बंद करायचा अधिकार दिला की माणूस घाईने असले काही करून बसतो.

याच्या उलट उदाहरण ॲपल कंपनीचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांच्या फोनच्या प्रणालीत असा दोष सापडला की, समोरची वेबसाइट खरी आहे की तोतया, याची एक महत्त्वाची तपासणी होतच नव्हती. कारण काय? 'इथून शेवटाकडे जा' अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदा लागली होती. दुसरी ओळ अटीच्या बाहेर पडली, त्यामुळे यंत्र नेहमीच शेवटाकडे जाई आणि मधली तपासणी निरुपयोगी पडून राही. 'या ओळींपर्यंत यंत्र कधीच पोहोचत नाही' असे सांगणारा इशारा भाषांतर करणाऱ्या साधनात उपलब्ध होता. पण 'सगळे इशारे दे' अशा नावाची जी नेहमीची आज्ञा आहे, तिच्या यादीत तो इशाराच नव्हता! 'सगळे' या शब्दात सगळे नसते, हे दुकानदारी करणाऱ्या आपल्या बांधवांना वेगळे सांगायला नको.

मग ठरवायचे कसे? इथे वसमतमध्ये मला दूर जायची गरज नाही. माझे अब्बा मोंढ्यात मापाडी होते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तिचे नाव दूरवर गेले. पण बीट होते तेव्हा व्यापारी अजूनही हळकुंड हातात घेऊन मोडतो, कट् असा आवाज येतो का ते ऐकतो, आतला रंग बघतो. ओलावा थोडा जास्त असेल, माती असेल, तर भाव कमी बोलतो. सौदा मोडत नाही. पण हळदीला रंग चढवण्यासाठी लेड क्रोमेट चोळलेले असेल, तर तिथे भाव कमी करण्याचा प्रश्नच नाही. तो शिशाचा विषारी पदार्थ आहे, मुलांच्या पोटात जातो. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांतही हाच भेद आहे. अख्ख्या हळदीत ओलाव्याला १२ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. लेड क्रोमेटच्या चाचणीला मुभाच नाही, निकाल नकारार्थीच यायला हवा. आता विचार करा, एखाद्या तपासनिसाने दोन्ही गोष्टी एकाच वहीत, एकाच शाईने 'शेरा' म्हणून लिहिल्या तर काय होईल? ओलाव्याच्या तीनशे शेऱ्यांखाली विषाचा शेरा दडून जाईल. मी नेमके तेच केले होते.

विद्यार्थ्यांसाठी आता थोडे कामाचे सांगते. पालकांनी दोन मिनिटे सोसावे.

जो नियम मोडला की प्रोग्रॅम चुकीचे काम करतो आणि ज्याविषयी साधनाला खात्री असते, तो एरर. 'जर' पुढचे एकच बरोबरचे चिन्ह, राहिलेला ब्रेक, न पोहोचता येणाऱ्या ओळी, ही सगळी त्यातली. ज्याने प्रोग्रॅम मोडत नाही, किंवा जिथे माणसाने नजर टाकूनच ठरवायचे असते, ते वॉर्न. उद्या एरर करायचा असलेला नियम आज ओळख म्हणून आणला असेल तर तोही काही दिवस वॉर्न ठेवावा. पण किती दिवस, ती तारीख शेजारी लिहून. तारीख न लिहिलेला वॉर्न कायमचा होतो, हा माझा अनुभव आहे. आणि जागा किती सोडली, स्वल्पविराम कुठे दिला, असल्या गोष्टींसाठी लिंटरला राबवूच नये. ईएसलिंटनेच २०२३ साली असले मांडणीचे नियम कालबाह्य म्हणून जाहीर केले. ते काम करणारी वेगळी साधने आहेत. हस्ताक्षराचे आणि अर्थाचे गुण एकाच लाल पेनाने कापणाऱ्या शिक्षकाकडून मूल काय शिकणार?

दुसरे असे की, वॉर्निंगच्या संख्येलाही ईएसलिंटमध्ये मर्यादा घालता येते. 'मॅक्स-वॉर्निंग्ज' अशी आज्ञा आहे. आज तीनशे असतील तर मर्यादा तीनशेच ठेवा. तीनशे एकावी आली की फाटक बंद. पुढच्या आठवड्यात मर्यादा दोनशे ऐंशी करा. जुना पसारा एका दिवसात आवरत नाही, पण तो वाढू न देणे आपल्या हातात असते. २०२५ पासून तर जुन्या हरकतींची वेगळी वही ठेवण्याची सोयही या साधनात आली आहे. नियम एररच राहतो, जुनी उधारी वहीत नोंदलेली राहते, नवी उधारी मिळत नाही.

पालकांपैकी कोणी म्हणेल की, आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मग आमच्या मुलांनी हे कशाला शिकावे? यंत्र लिहून देते हे खरे आहे, मीही वापरते. ते अर्ध्या मिनिटात दोनशे ओळी लिहिते, आणि ब्रेक विसरण्याची क्षमता त्याच्यातही आहे. दोनशे ओळी लिहिणाऱ्यापेक्षा, त्यांतल्या कोणत्या ओळीसाठी फाटक बंद करायचे हे सांगणाऱ्याची गरज मला तरी रोज अधिक भासते. नांदेडला किंवा पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनी पहिल्या नोकरीत कोणी "तो एरर तात्पुरता वॉर्न करून टाक" असे सांगितले, तर एवढेच विचारावे: कोणत्या तारखेपर्यंत?

शेवटी त्या बावीस ठिकाणांचे सांगायचे राहिले. मुलीचा अर्ज आला त्याच आठवड्यात मी 'नो-फॉलथ्रू' पुढे पुन्हा एरर लिहिले आणि एकेक ठिकाण वाचून शेरा लिहायला बसले. एकोणीस ठिकाणी घसरणे खरोखरच मुद्दाम होते. उरलेल्या तीन ठिकाणी शेरा लिहिता येईना, कारण लिहायला कारण सापडेना. तिथे ब्रेक विसरलेलाच होता, माझ्या कितीतरी आधी कोणाच्या तरी हातून. त्यांतल्या एका ठिकाणी वसतिगृहाची अनामत रक्कम परत करण्याचा हिशेब होता.

उद्या सकाळी दहा वाजता मी शाळेच्या संगणक कक्षात आहे. ज्या मुलामुलींना हे हाताने करून पाहायचे असेल त्यांनी यावे. प्रोग्रॅम मी आणला आहे, चुकांसकट.